ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव

१५ जानेवारी हा दिवस आपल्या महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. तो दिवस म्हणजे खाशाबा जाधव यांचा जन्मदिवस. म्हणून गुरुजींनी मला खाशाबांचे चरित्र लिहायला सांगितले. ते मी जसे समजले तसे लिहिते. काही चुकले असेल तर माफ करावे.

पण आधी माझी थोडी हकिकत सांगते. २६ जानेवारीला आपल्या गावात लांब धावण्याची शर्यत असते. शाळेच्या फाटकापासून पांदणीने डांबरी रस्त्याच्या फाट्यापर्यंत जायचे आणि तसेच परत यायचे. गुरुजींनी मोटारसायकलवर मोजले, ते ३ किलोमीटर भरले. मागच्या वर्षी मी तिसरीत होते तेव्हा मी शर्यतीत नाव दिले होते. सुरुवातीला मी सगळ्या पोट्ट्यांच्या पुढे होते. विहिरीपाशी पोचले आणि माझ्या कुशीत कळ निघाली. मी निंबाच्या झाडाखाली बसले ती बसलेच. सगळे फाट्यावरून परत आले तरी मी तिथंच. मले लय लाज वाटली.

यंदा दिवाळीच्या सुट्टीपासून मी रोज सकाळी आबांबरोबर वावराकडे जाताना धावायला लागले. पहिल्या दिवशी गुरुजींच्या घड्याळात २२ मिनिटे लागली. महिन्याने २० झाली. मग पायात बाभळीचा काटा मोडला. तो निघाला तर ताप आला. आठ दिवस अंथरुणात होते. बरी झाल्यावर पुन्हा धावले तर २४ मिनिटे लागली! म्हणजे पहिल्या दिवसापेक्षाही जास्त. मग मी धावणे सोडून दिले आणि शर्यतीत नाव देणार नाही असे गुरुजींना सांगून टाकले. गुरुजी काहीच रागावले नाहीत. त्यांनी कपाटातून पुस्तक काढले, माझ्या हातात दिले आणि हे चरित्र लिहायला सांगितले. आता चरित्र सांगते.

खाशाबांचे पूर्ण नाव खाशाबा दादासाहेब जाधव. त्यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराड तालुक्यात गोळेश्वर या गावी झाला. कराड म्हणजे जिथे कृष्णा आणि कोयना या दोन नद्या समोरासमोर येऊन मिळतात ते गाव. खाशाबांचे वडील दादासाहेब हे नावाजलेले पहिलवान होते. पाच भावांत खाशाबा सर्वात धाकटे. घरात सगळीकडे कुस्तीच. आपल्या घरी जशी पोरे वासराशी खेळतात तसे खाशाबा लहानपणी लाल मातीत खेळले. पाच वर्षांचे होते तेव्हाच वडील त्यांना तालमीत नेऊ लागले. आठ वर्षांचे झाले तेव्हा त्यांनी तिथल्या एका नावाजलेल्या मल्लाला दोन मिनिटांत पाडले असे सांगतात. म्हणजे आपल्या दुसरी-तिसरीच्या पोराएवढे!

पुढे ते कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकले. ते दिवस इंग्रजांच्या राज्याचे होते. १९४२ साली छोडो भारत चळवळ सुरू झाली. सातारा जिल्ह्यात पुष्कळ क्रांतिकारक भूमिगत झाले होते. शाळकरी खाशाबांनी त्यांना लपायला मदत केली आणि त्यांची पत्रे इकडून तिकडे पोचवली. पकडले गेले असते तर तुरुंगच होता. पण ते भ्याले नाहीत. कुस्तीचा सराव मात्र त्यांनी सोडला नाही. बाबुराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांनी त्यांना डाव शिकवले.

शाळा झाल्यावर खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले. कोल्हापूर म्हणजे पहिलवानांचे माहेरघर. तिथे एकेक गडी डोंगरासारखा. खाशाबा मात्र उंचीने लहान आणि अंगाने बारीक. महाविद्यालयाच्या खेळांमध्ये कुस्तीसाठी नाव द्यायला गेले तर त्यांना घेतलेच नाही. एवढासा मुलगा काय कुस्ती खेळणार असे खेळाच्या शिक्षकांना वाटले. मी असते तर रडत घरी आले असते. खाशाबा सरळ प्राचार्यांकडे गेले आणि एक संधी मागितली. प्राचार्यांनी ती दिली. मग खाशाबांनी त्यांच्याहून मोठमोठे गडी पाडून दाखवले. त्या प्राचार्यांचे नाव खर्डेकर. हे नाव लक्षात ठेवा. पुढे ते पुन्हा येणार आहे.

खाशाबा जिंकत कसे, हे मी आबांना विचारले. आमचे आबा तरुणपणी यात्रेतल्या कुस्त्या खेळलेले आहेत. आबांनी सांगितले की कुस्ती नुसत्या ताकदीची नसते, चपळाईची आणि डोक्याची असते. खाशाबांचा आवडता डाव ढाक. ढाक म्हणजे समोरच्याचे डोके बगलेत धरायचे आणि कंबर वळवून त्याला खाली फेकायचे. आबांनी मला तो माझ्या लहान भावावर करून दाखवला. भाऊ गवताच्या ढिगावर पडला आणि हसत बसला.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक खेळ भरले. भारत स्वतंत्र झाल्यानंतरचे ते पहिले ऑलिंपिक. खाशाबांची त्यात निवड झाली. पण लंडनला जायचे तर पैसे पाहिजेत. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासाचा खर्च दिला आणि खाशाबा निघाले. तेव्हा ते २२ वर्षांचे होते.

लंडनला गेल्यावर एक नवीनच अडचण आली. आपल्याकडे कुस्ती मातीत होते. तिथे कुस्ती गादीवर होती. खाशाबांनी गादीवरच्या कुस्तीचा सरावच केला नव्हता. मातीत पाय रुततो, गादीवर तो सरकतो. नियमही वेगळे. आपल्याकडे चितपट झाली की कुस्ती निकाली. तिथे पंच प्रत्येक डावाकडे बघतात आणि वेळ संपली की जास्त चांगला कोण लढला ते ठरवतात. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना तिथे थोडे दिवस शिकवले. थोड्या दिवसांत किती येणार? तरी खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या मल्लाला हरवले आणि अमेरिकेच्या मल्लालाही हरवले. मग इराणच्या मल्लाशी ते हरले आणि स्पर्धेच्या बाहेर पडले. ५२ किलो वजनाच्या गटात त्यांचा सहावा नंबर आला.

सहावा नंबर म्हणजे पदक नाही. आपल्या गावात तर तिसऱ्या नंबरानंतर कोणी नावही घेत नाही. पण मित्रांनो, इथेच मला खाशाबा फार आवडले. ते हिरमुसून कुस्ती सोडून बसले नाहीत. आपण का हरलो ते त्यांनी शोधले. ताकद कमी नव्हती, हिंमत कमी नव्हती. गादीची सवय नव्हती आणि तिथले नियम अंगात मुरले नव्हते. मग कोल्हापूरला परत येऊन त्यांनी तेच शिकायला घेतले. गोविंद पुरंदरे यांच्या हाताखाली त्यांनी जोर, बैठका आणि नव्या डावांचा सराव केला. एक नाही, दोन नाही, चार वर्षे! वजनही वाढवले आणि ५२ किलोच्या गटातून ५७ किलोच्या गटात गेले. म्हणजे आता समोर आणखी जड गडी येणार होते.

१९५२ साली ऑलिंपिक फिनलंड देशात हेलसिंकी या शहरात होणार होते. खाशाबा तयार होते. पण निवडीच्या वेळी त्यांना एका गुणाने मागे ठेवले आणि त्यांचे नाव गाळले. एका गुणाने! चार वर्षांची मेहनत एका गुणासाठी वाया जात होती. खाशाबांना तो निकाल पटला नाही. त्यांनी भांडण केले नाही की घरीही बसले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावा, हरलो तर जाणार नाही, एवढेच त्यांचे मागणे होते. पुन्हा कुस्ती लागली आणि खाशाबांनी ती जिंकली. मग त्यांचे नाव संघात आले.

नाव आले पण पैसे नव्हते. या वेळी खर्च द्यायला कोणी तयार होईना. खाशाबा दारोदार फिरले. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली. तरी पैसे कमीच पडले. तेव्हा त्याच खर्डेकर प्राचार्यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि ७००० रुपये उभे केले. गहाण म्हणजे काय हे आपल्या गावात लहान पोरालाही समजते. पैसे फिटले नाहीत तर घर जाते. स्वतःच्या मुलासाठीही माणूस दहा वेळा विचार करतो. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यासाठी हे केले. मी हे वाचून आईला सांगितले तेव्हा आई भाकरी थापता थापता थांबली आणि तिने मला ते पुन्हा वाचायला लावले.

अशा रीतीने खाशाबा हेलसिंकीला पोचले. त्यांनी कॅनडाच्या मल्लाला हरवले. मग मेक्सिकोच्या मल्लाला हरवले. जर्मनीच्या मल्लालाही हरवले. शेवटी जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेकोव यांच्याशी गाठ पडली. एक दमवणारी कुस्ती होते न होते तोच त्यांना दुसरीसाठी बोलावले. दोन कुस्त्यांच्या मध्ये निदान अर्धा तास विश्रांती द्यावी असा नियम होता. पण तो नियम दाखवून त्यांची बाजू मांडायला आपल्यातले कोणी तिथे हजर नव्हते. खाशाबा दमलेल्या अंगानेच लढले. त्या दोन्ही कुस्त्या ते हरले. जपानला सुवर्ण, सोव्हिएत संघाला रौप्य आणि आपल्या खाशाबांना कांस्यपदक मिळाले. तो दिवस होता २३ जुलै १९५२.

हॉकीच्या संघाने सुवर्णपदके आणली होती, पण ती अकरा जणांची. एकट्या खेळाडूने स्वतंत्र भारताला मिळवून दिलेले पहिले ऑलिंपिक पदक ते खाशाबांचेच. त्यानंतर असे पदक मिळायला ४४ वर्षे गेली. १९९६ साली लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्यपदक मिळवले. यावरून खाशाबांचे पदक किती मोठे ते कळते.

आता कोणी म्हणेल की ही कुस्तीची गोष्ट, धावणारीला तिचा काय उपयोग? मलाही तसेच वाटले होते. तेव्हा गुरुजींनी आणखी दोन माणसांची माहिती दिली. आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले हे १९२० साली बेल्जियम देशातल्या अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि त्यांचा १९ वा नंबर आला होता. मॅरेथॉन ही फार लांब शर्यत असते. आता ती ४२ किलोमीटर १९५ मीटर असते. म्हणजे आपल्या गावची शर्यत एकदम चौदा वेळा धावण्यासारखे! त्या काळी इतक्या दूर जाऊन, इतके धावून, १९ वा का होईना पण शेवटपर्यंत पोचणे हे लहान काम नव्हते. त्या मॅरेथॉनमध्ये कितीतरी जण मध्येच थांबले होते.

दुसरे धावपटू चेकोस्लोव्हाकिया देशाचे एमिल झाटोपेक. खाशाबा ज्या दोन ऑलिंपिकला होते त्याच दोन ऑलिंपिकला हेही होते. लंडनला ५००० मीटरच्या शर्यतीत ते अगदी थोडक्यात दुसरे आले. मग चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी ५००० मीटर जिंकली, १०,००० मीटर जिंकली आणि मॅरेथॉनही जिंकली. मॅरेथॉन तर ते जन्मात पहिल्यांदाच धावत होते! म्हणजे कुस्ती असो की धावणे, दोघांनीही लंडनची हार चार वर्षे विसरली नाही आणि हेलसिंकीत तिचे उत्तर दिले.

खाशाबा परत आले तेव्हा कराडला त्यांची मोठी मिरवणूक निघाली. १५१ बैलगाड्या सजवल्या होत्या. ढोल, लेझीम, हलगी, गुलाल, सगळे होते. जी वाट एरवी पंधरा मिनिटांची, तिला सात तास लागले असे सांगतात. आपल्या पोळ्याला बैल सजवतात तेवढ्यानेच आपल्याला किती आनंद होतो. १५१ बैलजोड्या म्हणजे काय दिसले असेल!

पण मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी काय केले ते मला मिरवणुकीपेक्षाही मोठे वाटते. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवले. त्यातून पैसे जमा केले आणि प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडवून दिले. पदक गळ्यात आले म्हणून ते देणे विसरले नाहीत.

पुढे १९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात फौजदार झाले. १९५६ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे ऑलिंपिक होते. पण त्यांच्या गुडघ्याला इजा झाली होती, म्हणून त्यांना जाता आले नाही. तिसऱ्यांदा जायचे त्यांचे स्वप्न राहून गेले. तरी खेळ त्यांनी सोडला नाही. पोलीस खात्यात त्यांनी कितीतरी वर्षे नोकरी केली आणि सहायक पोलीस आयुक्त होऊन निवृत्त झाले. १९८२ साली दिल्लीला आशियाई खेळ झाले, तेव्हा मशाल घेऊन धावणाऱ्यांमध्ये खाशाबांनाही मान मिळाला होता. तेव्हा ते ५६ वर्षांचे होते. पहा, पहिलवान खाशाबाही शेवटी धावलेच!

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात खाशाबांचे निधन झाले. ते असताना सरकारकडून त्यांचा हवा तेवढा मान झाला नाही, याचे पुष्कळांना वाईट वाटते. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव दिले आहे. आणि आता त्यांच्या जन्मदिवशी साऱ्या महाराष्ट्रात क्रीडा दिन साजरा होतो. आपल्या शाळेतही होतो.

मित्रांनो, चरित्र इथे संपले. आता थोडे माझे.

सहाव्या नंबरापर्यंत लिहून झाले त्या रात्री मी वहीचे मागचे पान काढले आणि माझे काय कमी पडले ते लिहिले. एक, मी सुरुवातीलाच जोरात पळते आणि विहिरीपाशी दम संपतो. दोन, पोटभर जेवून लगेच धावते, म्हणून कुशीत कळ येते. तीन, पायात न घालता पांदणीने जाते, म्हणून काटा मोडतो. चार, तापातून उठले तर अंगात शक्ती नसणारच, तरी मी पहिल्याच दिवशी घड्याळ लावले. हे लिहून झाल्यावर मला हसू आले. कारण यातले एकही असे नव्हते की ज्याच्यासाठी शर्यत सोडून द्यावी. सगळे सुधारता येण्यासारखेच होते. खाशाबांना सुधारायला चार वर्षे लागली. माझे काम तर त्याहून किती लहान.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना सांगितले की माझे नाव पुन्हा लिहा. गुरुजींनी यादी काढून दाखवली तर माझे नाव त्यांनी खोडलेच नव्हते.

आता पहिले दोन दिवस मी नुसती चालले. मग हळूहळू पळाले. मारुतीच्या देवळापर्यंत मुद्दाम सावकाश जाते. बाकीची पोट्टी पुढे गेली तरी जाऊ देते. विहिरीनंतर वेग वाढवते. धावून आल्यावरच भाकर खाते. बाबांनी चिखलीच्या बाजारातून कापडी बूट आणून दिले. मध्ये एक दिवस पुन्हा कुशीत कळ आली. पण या वेळी मी बसले नाही. कमरेवर हात ठेवून चालत राहिले आणि कळ गेल्यावर परत धावले. परवा २१ मिनिटे लागली. म्हणजे अजून माझ्याच २० मिनिटांपर्यंत मी पोचले नाही. पण २४ वरून २१ वर आले आहे. पहिला नंबर येईल असे मला वाटत नाही, कारण आमच्या वर्गात माझ्याहून वेगाने पळणारी तीन पोरे आहेत. यंदा मला फाट्यावर जाऊन, वळून, शाळेच्या फाटकापर्यंत पोचायचे आहे. निंबाखाली बसायचे नाही.

आईबाबांनो, तुम्हाला एक विनंती आहे. २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर तुम्ही सगळे शाळेच्या पटांगणावर शर्यत संपते तिथे उभे राहता आणि पहिल्या तिघांसाठी टाळ्या वाजवता. यंदा थोडे जण विहिरीपाशी येऊन उभे रहा. तिथेच सगळ्यांचा दम संपतो. खाशाबांच्या पाठीशी त्यांचे गाव होते आणि घर गहाण ठेवणारे गुरुजी होते. आम्हाला घर गहाण ठेवणारे कोणी नको. तिथे उभे राहून फक्त आमचे नाव घेऊन हाक मारा. आणि सगळ्यात मागून येणारा पोरगा किंवा पोरगी फाटकात पोचेपर्यंत घरी जाऊ नका.

खाशाबा जाधव यांना माझे विनम्र अभिवादन.

इयत्ता चौथी